खऱ्या तारखांची वही

गुरुजी, आज सकाळी फळा मी लिहिला. तसा गेले अठरा दिवस मीच लिहिते आहे, पण आजचा तुम्हाला मुद्दाम सांगायचा आहे. अक्षराचं विचारू नका. ओळ डावीकडून सरळ निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत घाट चढते. जीपची वाट बघत उभे असलेले एक आजोबा वाचून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी व्हते तवर फळा बी सरळ व्हता." मी म्हटलं, "त्यांनी तीस वर्षं सराव केला होता, मला तीस दिवस तरी द्या." ते हसले आणि लगेच जीपच्या वाटेकडं बघायला लागले. हल्ली या फळ्यापुढं सगळे असंच करतात.

मला तर हा फळा तुमच्याआधी भेटला. अठरा वर्षांपूर्वी नेमणुकीचा कागद घेऊन मी वडवणीच्या जीपमधून उतरले, तर समोर शाळेची रस्त्याकडची भिंत, भिंतीवर काळ्या रंगाचा मोठा चौकोन, आणि चौकोनापुढं बारदानाच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसलेला एक माणूस. मला वाटलं शिपाई असेल. मी जरा तोऱ्यातच विचारलं, "मुख्याध्यापक कुठं भेटतील?" तुम्ही मागं न बघता म्हणालात, "ह्या दोन वळी झाल्या की भेटतो." त्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत. 'आज शाळेत नव्या बाई रुजू होत आहेत. पहिल्या दिवशी त्यांना कोणी फार प्रश्न विचारू नयेत.' अख्ख्या गावानं त्या वाचल्या आणि अख्ख्या गावानं मला प्रश्न विचारले.

फळ्याचे तुम्ही दोन भाग केले होते. वरचा मोठ्यांचा, खालचा पहिली-दुसरीच्या डोळ्यांसमोर येईल असा, म्हणून तर ते गुडघे टेकणं. वर असायचं, 'सकाळची केजची गाडी आज येणार नाही, ताटकळू नये.' 'आठवडी बाजारात ज्याची छत्री राहिली त्याने ओळख पटवून न्यावी.' खाली असायचं, 'तिसरीतल्या राजूने तेराचा पाढा न अडखळता म्हटला.' 'काल वस्तीवरची म्हैस व्याली. रेडी झाली. दोघी खुशाल.' म्हैस खालच्या भागात का, असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही माझ्याकडंच अडाण्यासारखं बघितलंत. "रेडी बगायला कोन जानार हाय, बाई? म्हातारे का पोरं?"

पुढं मोबाइल आले आणि मी रोज फळ्याचा फोटो काढून केंद्रातल्या नऊ शाळांच्या ग्रुपवर टाकायला लागले. तिकडं परिपाठात आधी देश-विदेशच्या बातम्या व्हायच्या, कालच्या पेपरातल्या, कारण आजचा पेपर येईपर्यंत अकरा वाजतात. मग 'आपल्या केंद्रातल्या बातम्या' म्हणून आपला फळा वाचायचे. तुम्हाला ते पटत नव्हतं. "फोटो कावून काढता? खडूचं असतंय ते पुसायसाठीच असतंय. चुकलं तर पुसता येतंय." आणि दुपारी खिचडीच्या वेळी हळूच यायचात, "वाचलं का कुनी?" मी मुद्दाम म्हणायची, "कोणी नाही." तुमचं तोंड एवढंसं व्हायचं, आणि मला आतून बरं वाटायचं. असली माझी जात.

फळ्यावर मरणाची बातमी लिहायची नाही, हा तुमचा नियम. "मरनाच्या बातमीला पाय असतेत, तिला खडू कशाला पायजे?" तुम्ही गेलात त्या सकाळी गावातली चार माणसं माझ्याकडं आली. गुरुजींचं नाव फळ्यावर नाही म्हणजे काय, हार घालायला जागा नको का? मी ठाम राहिले. तुमच्याशी मी अठरा वर्षं भांडले, पण त्या दिवशी तुमच्या बाजूनं गावाशी भांडले. तुमच्या घरून काकूंनी तुमच्या सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी पाठवून दिली होती, आदल्या रात्रीच लिहून ठेवलेली, त्या दिवसाच्या बातम्यांची. जनावरांच्या लसीकरणाचा कॅम्प, वर्गणीची भांडी देवळात परत करावीत, आणि चौथीतल्या श्रद्धाचा वाढदिवस. तेच लिहिलं. श्रद्धाच्या नावापाशी खडू मोडला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तिथं येते. मी आजवर ते बोलले नाही. बोलले ते भलतंच बोलले.

सुनीता. मी रुजू झाले तेव्हा ती तिसरीत होती, वर्गात सगळ्यांत बुटकी. खिचडीच्या रांगेत तुम्ही तिला बखोटीला धरून सगळ्यांच्या पुढं आणून उभी करायचात. एकदा पाढे म्हणता म्हणता तिचा पुढचा दात हातात आला. ती घाबरून रडायला लागली. मी तो कागदात गुंडाळून दिला आणि घरी जाऊन छपरावर फेकायला सांगितला. पुढच्या महिन्यात शेजारचा पडला. वर्गातल्या बाकीच्या पोरींचे ते दात पडून नवे येऊन बसलेसुद्धा होते. हजेरीपटावर ही पोर आठ वर्षांची, आणि दुधाचे दात आत्ता पडताहेत. मला दिसलं होतं, गुरुजी. मी शिकलेली बाई, मला कळत होतं. तरी मी कोणाला काही विचारलं नाही. गावातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून. माझी स्वतःची एक जून. कोण कोणाला विचारणार?

तिचा पटावर नाव लागल्याचा किस्सा तुम्हीच मला नंतर सांगितलात. दिवाळी झाली होती, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या होत्या. सुनीताची आई, गोदाबाई, दोन लेकरांना घेऊन ऑफिसात आली. थोरला सहाचा, त्याचं नाव लागलं म्हणजे तो हंगामी वसतिगृहात राहणार, सहा महिने दोन वेळचं जेवण आणि शाळा. धाकटी चारची. तिला कुठं ठेवायचं? घरी म्हातारं माणूस नाही. "हिला बी सहाची लिव्हा गुरुजी, न्हाईतर फडात न्यावी लागल." असं म्हणून ती तुमच्या पाया पडली. तुम्ही पेन उघडलं आणि दोघांनाही एक जून लिहिलीत. जुळी केलीत त्यांना. सुनीता त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं भिंतीच्या आत, पांघरुणात झोपली.

आणि मग आठ वर्षांपूर्वीचा उन्हाळा. सुनीतानं बारावीची परीक्षा दिली आणि तिच्या लग्नाची पत्रिका शाळेत आली. मी त्या दातांपासूनची वर्षं बोटांवर मोजली. सोळावंसुद्धा पुरं नव्हतं. मी तावातावानं ग्रामसेवकांकडं गेले. बालविवाह थांबवायचं काम त्यांच्याकडं असतं. ते भले होते, ऐकून घेतलं, म्हणाले, "बाई, शाळेचा उतारा द्या, लगेच जाऊन थांबवतो." सुट्टीत ऑफिस उघडलं. जनरल रजिस्टर काढलं, उतारा मी लिहिला, सही तुम्ही केलीत. लिहिता लिहिता मला कळलं. कागदावर सुनीताला एक जूनला अठरा पूर्ण झाली होती आणि लग्न होतं पाच जूनला. तिच्या बापानं मुहूर्त आपल्या रजिस्टरावरून काढला होता.

ग्रामसेवकांनी उतारा दोनदा वाचला. "कागद म्हणतोय पोरगी सज्ञान आहे. मी काय करू?" मांडव काही खाली उतरला नाही.

पाच जूनला लग्न लागलं, मी तशीच उठून शाळेत आले. तुम्ही बारदानावर बसून फळा लिहीत होतात. लग्नघरातलं पाणी जीपच्या थांब्यापर्यंत वाहून आलं होतं. चार माणसं उभी होती. मी त्यांच्यादेखत म्हटलं, "त्या पोरीचं लग्न भटजीनं नाही लावलं, गुरुजी. तुमच्या पेनानं लावलं." तुम्ही उठलात. लिहिलेलं सगळं पुसलंत, खडू खिशात टाकला आणि घरी गेलात. त्या दिवशी फळा कोरा राहिला. तीस वर्षांत तेवढा एकच दिवस.

ज्या कागदानं लग्न लागलं तो माझ्याच अक्षरात होता. 'बाई, लिव्हला तर तुमीच', एवढं तुम्ही म्हणू शकला असता. दातांचं तर तुम्हाला माहीतही नव्हतं. तुम्ही म्हणाला नाहीत आणि मी ते तुमच्यावर ढकलून मोकळी झाले.

नंतर आपण बोलायला लागलो, पण वाद काही मिटला नाही. विषय कुठलाही असो, पोषण आहार असो की पावसाळी सहल, फिरून फिरून भोपळे चौकात. "चारची पोर फडात गेली असती, बाई. ट्रॅक्टरं, बैलगाड्या, उघड्यावर झोपनं. तुमी माज्या जागी काय केलं असतं?" मी म्हणायची, "चार लिहिलं असतं." "मग वसतिगृहात कुनी घेतलं असतं?" "मग नंतर दुरुस्त करायचं होतं! हातात रजिस्टर होतं, दहा वर्षं होती!" यावर तुम्ही एकदाच उत्तर दिलंत. म्हणालात, "इसरलो." दुसरा कोणी असता तर नियम सांगितले असते, कोर्टाची कटकट सांगितली असती. तुम्ही खरं सांगितलंत. आणि मी त्या एका शब्दासाठी तुम्हाला कधी माफ केलं नाही. आज वाटतं, दात बघून गप्प बसणाऱ्या बाईला एवढा राग शोभत नव्हता.

त्याच दिवाळीत तुम्ही दोनशे पानी वही आणलीत आणि पहिल्या पानावर लिहिलंत, 'खऱ्या तारखा'. शाळेतल्या प्रत्येक पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईला विचारायचं, हे लेकरू खरं कधी झालं. रजिस्टर काही बदलत नाही, त्याला कोर्टकचेरी लागते, हे तुम्हाला ठाऊक होतं. "फळ्यासाठी करतो," म्हणालात. खालच्या भागात नवा कोपरा आखलात, 'आजचा वाढदिवस'. तोवर एक जूनवाल्या पोरांचा वाढदिवस शाळेत कधी झालाच नव्हता, एक जूनला सुट्टीच असते. मी तेव्हाही टोमणा मारला, "बैल गेला आणि झोपा केला." तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुसरे बैल हायेत की गोठ्यात."

दोन वर्षांनी तुम्ही रिटायर झालात, एकतीस मेला, कारण तुमची तारीखही एक जूनच. निरोपाच्या भाषणात सगळ्यांना हसवलंत. "माज्या बी गुरुजीनं अंदाजपंचेच टाकलती. आज खरा रिटायर झालो का चुकून, ते त्यांनाच ठावं." आम्ही टाळ्या वाजवल्या, नारळ दिला, शाल दिली. आणि सोळा जूनला, शाळेच्या पहिल्या दिवशी, तुम्ही बारदान घेऊन भिंतीशी हजर.

तारखा काढायची तुमची तऱ्हा मला आवडायची, आता कबूल करते. आईला तारीख आठवत नाही, पण बाकी सगळं आठवतं. एक म्हणाली, "जोंधळा हुरड्यात आलता अन् सासूचा पाय मोडलता." एक म्हणाली, "पहिल्यांदा टँकर आला त्या दिशी, मी रांगेतच व्हते." मग तुम्ही सासूच्या पायाचा तपास करायचात, टँकरवाल्याला गाठायचात, देवळातून जुनी पंचांगं आणायचात आणि आठ-आठ दिवस एका पोरावर घालवायचात. तारीख सापडली की असा चेहरा करायचात की जणू विहिरीला पाणी लागलं. पोरं फळ्यापुढं उभी राहून आपलं नाव वाचायची. एका पोरानं नाव पुसू नये म्हणून दुपारपर्यंत फळ्याला पाठ लावून धरली होती. त्याच्या सदऱ्यावर त्याचं नाव उलटं उमटलं.

आणि एक दिवस, फेब्रुवारीत, मी जीपमधून उतरले तर खालच्या कोपऱ्यात माझं नाव. 'आज बाईंचा वाढदिवस. खरा.' तुम्ही कोणाच्या तरी सोयरिकीला चकलांब्याला गेला होतात, तिथं माझ्या माहेरचं घर शोधून काढलंत आणि माझ्या आईला विचारून आलात. आई म्हणाली होती, ज्वारीची काढणी होती, संकष्टी होती, चंद्र उगवायची वाट बघत उपाशी बसले होते आणि आधी तूच उगवलीस. चाळीस वर्षांत आईनं मला हे सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी तुमच्याशी धड बोलत नव्हते त्या दिवसांत. तरी तुम्ही गेलात. मी आभारसुद्धा मानले नाहीत. एवढंच म्हटलं, "वय लिहिलं नाहीत ते बरं केलंत." तुम्ही खूष झालात. तुमचं असंच, थोडक्यात भागायचं.

आता ती दुपार, शेवटच्या आठवड्यातली. खिचडी उरकली होती. मी मोबाइलवर कसलीशी ऑनलाइन माहिती भरत होते, रेंज येत होती, जात होती, तिसऱ्यांदा सगळं उडालं होतं. तुम्ही वही घेऊन दारात उभे राहिलात. "बाई, एक नाव राह्यलंय." मी वर न बघता म्हटलं, "कोणाचं?" तुम्ही नाव घेतलं नाहीत. म्हणालात, "मला त्या दारात इचारायला जमत न्हाई. तुमी जाता का?" तेव्हा मला कळलं कोणाचं ते. मला हो म्हणता आलं असतं. पाच मिनिटांचं चालणं. पण आठ वर्षांचं साचलेलं माझ्या जिभेवर आलं, आणि मी म्हटलं, "तुमचं राहिलेलं तुम्हीच करा, गुरुजी."

"बरं," म्हणालात. नळावर गेलात, फडकं ओलं केलंत, फळा पुसलात. जाताना खिडकीतून हात केलात. मी मोबाइलमध्येच. चार दिवसांनी सकाळी चहा पिता पिता तुम्ही गेलात. त्या चार दिवसांत आपण फळ्यापुढं रोज भेटलो आणि दोघंही पावसापाण्याचं बोललो.

तेराव्यानंतर काकूंनी वही माझ्याकडं दिली. "हिचं आता तुमीच बगा." शेवटच्या लिहिलेल्या पानावर सुनीताचं नाव होतं. पुढं तारखेची जागा मोकळी. तुमचं ते सरळ अक्षर, आणि पुढं कोरं. मला त्या पानाकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वही पिशवीत टाकली आणि गोदाबाईच्या दारात गेले.

गोदाबाई सुपात धान्य पाखडत होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही. मी ओट्यावर बसले. चहा झाला. शेवटी मीच म्हटलं, "गुरुजींना यायचं होतं तुमच्याकडं. राहून गेलं."

"राहून कुठलं?" ती म्हणाली. "आलते की. तीन बारी आलते. तुमी बसलात तितंच बसायचे. च्या प्यायचे, पावसाचं इचारायचे, नातीचं इचारायचे. अन् उठून जायचे."

"वही होती हातात?"

"व्हती. मांडीवर धरून बसायचे. उघडली न्हाई एक बी बारी."

"कशासाठी येतात, ठाऊक होतं तुम्हाला?"

"अख्ख्या गावात इचारत फिरतेत, मला ठावं नसंल व्हय?" तिनं सूप खाली ठेवलं. "त्यायनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. न इचारता सांगायला मला तरी तोंड हाय का, बाई? सहा लिव्हा म्हनून म्याच पाया पडले व्हते. अन् लग्नाच्या टायमाला धन्यानं दाखला काडून आनला, तवा मी गप बसले. आम्ही दोगं बी असं समोरासमोर बसायचो. लई वंगाळ वाटायचं. पर ते यायचे त्ये बरं बी वाटायचं."

मग मी विचारलं. तुमच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं. तीन वेळा तुम्ही जिथं गप्प बसून आलात तिथं बसून मी म्हटलं, "सुनीता कधी झाली?" आणि तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं. खांदेमळणीच्या दिवशी. उद्या पोळा, आज बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे, घरातली माणसं बैल धुवायला ओढ्यावर गेलेली, आणि घरात ती एकटी. लोणी काढून ठेवलं होतं ते तसंच राहिलं. "बैलाच्या खांद्याचं लोनी पोरीच्या अंगाला लावलं सुईनीनं," म्हणाली आणि हसली. कितवा पोळा, तेही तिनं बोटांवर मोजून दाखवलं.

आज खांदेमळणी आहे, गुरुजी. पंचांगावरून इंग्रजी तारीख काढायचं तुमचं कसब मला नाही, मी सरळ तिथीच धरली. सकाळी लवकर आले. बारदान तिथंच खुंटीला होतं. गुडघे टेकले, फार दुखले, तुम्ही हे रोज कसं करत होतात कोण जाणे. वरच्या भागात लिहिलं, 'उद्या पोळा. बैल वेशीतून नेताना लहान मुलांना सांभाळावे.' खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'आजचा वाढदिवस : सुनीता. माजी विद्यार्थिनी. वय वर्षे चोवीस पूर्ण.' कागदावर ती सव्वीसची आहे. फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. गोदाबाईकडून नंबर घेतला होता, तिलाही पाठवला.

दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. केजच्या पलीकडं असते ती. मुलगी यंदा पहिलीत घातली आहे, दवाखान्याचा जन्मदाखला देऊन. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मी मनाशी ठरवलं होतं, ती जे बोलेल ते तुमच्यासाठीही ऐकून घ्यायचं आणि माझ्यासाठीही.

"बाई, चोवीस?" ती म्हणाली.

"हो. चोवीस."

"म्हंजे माजी दोन वर्सं इतकी दिवस कुनाकडं व्हती?"

मी तिला दाताचं सांगितलं. म्हटलं, मला तिसरीतच कळलं होतं गं, मी बोलले नाही. तुम्हाला जे सांगायचं होतं ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला आठवतंय त्यो दात. तुमी कागदात बांधला व्हता." एवढंच. मग म्हणाली, वसतिगृहात थंडीत गुरुजी यायचे आणि सगळ्या पोरांची पांघरुणं मोजून जायचे. रागाचं काही बोलली नाही, माफीचंही काही बोलली नाही. आपला वाद, गुरुजी, तिनं आपल्यावरच ठेवला.

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाई, गुरुजींचा कवा असतो वो? खरा?"

मी वही उघडली. पहिल्या पानापासून बघत गेले. श्रद्धा होती, राजू होता, मी होते. गेल्या आठ वर्षांतली गावची सगळी पोरं होती. तुमचं नाव कुठंच नव्हतं. तुमची आई जाऊन किती वर्षं झाली तेही मला माहीत नाही. काकूंना मी तेराव्यालाच सहज विचारलं होतं, त्यांनाही एक जूनच ठाऊक.

म्हटलं, "माहीत नाही गं."

ती म्हणाली, "तुमी बी न्हाई इचारलं व्हय, बाई?"

नाही विचारलं, गुरुजी.